स्टरिजला पहिल्या आठात घ्यायचं का? दुखापती धरून की वगळून?

एरंडवणे_एनफिल्ड

पुण्यातल्या लिव्हरपूलवाल्यांसाठी स्क्रीनिंगच्या भिंतीवर लावायला पोस्टर बनतंय. १९९२ पासूनचे, म्हणजे प्रीमियर लीगच्या काळातले आठ फॉरवर्ड. फाउलर, ओवेन, टोरेस, सुआरेझ, फिर्मिनो, माने, सालाह या सात नावांवर कुणाचं काही म्हणणं नाही. गाडी अडली आहे आठव्या नावावर. अर्धे म्हणतात डॅनियल स्टरिज. बाकीचे म्हणतात, जो माणूस सहा वर्षांत निम्मा वेळ मसाज टेबलवर होता त्याला भिंतीवर कशाला लटकवायचं, डर्क कायटला घ्या, निदान तो रोज हजर तरी असायचा.

आकडे आधीच देतो, म्हणजे ‘मला वाटतं’ आणि ‘माझ्या आठवणीप्रमाणे’ होणार नाही. जानेवारी २०१३ मध्ये चेल्सीकडून १.२ कोटी पौंडांना आला, २०१९ च्या उन्हाळ्यात करार संपवून गेला. सगळ्या स्पर्धा मिळून १६० सामने, ६७ गोल. फक्त लीगमध्ये ११६ सामने, ५० गोल.

प्रश्न सरळ आहे: हा खेळाडू बेभरवशाचा होता की दुखापतींनी त्याला तसा केला? आणि पोस्टरवर घ्यायचा की नाही?

आकडेमोड_नारायणपेठ

११६ आणि ५० हे आकडे बरोबर आहेत, पण एकत्र ठेवल्यावर काहीच सांगत नाहीत. मोसमाप्रमाणे फोडा. लीगचे सामने आणि गोल:

२०१२-१३ (अर्धा मोसम): १४ सामने, १० गोल
२०१३-१४: २९ सामने, २१ गोल
२०१४-१५: १२ सामने, ४ गोल
२०१५-१६: १४ सामने, ८ गोल
२०१६-१७: २० सामने, ३ गोल
२०१७-१८: ९ सामने, २ गोल (जानेवारीत वेस्ट ब्रॉमला लोनवर)
२०१८-१९: १८ सामने, २ गोल

आता याचे तीन तुकडे दिसतात, दोन नाहीत. पहिला: ४३ सामन्यांत ३१ गोल, म्हणजे सामन्यामागे ०.७२. दुसरा, २०१४ ते २०१६: दोन मोसमांतल्या ७६ पैकी फक्त २६ सामने, पण त्यात १२ गोल, म्हणजे ०.४६. तिसरा, २०१६ ते २०१९: ४७ सामन्यांत ७ गोल, ०.१५.

लोक दुसरा आणि तिसरा तुकडा एकाच पिशवीत टाकतात आणि ‘दुखापतींनी वाट लावली’ म्हणून मोकळे होतात. दुसऱ्या तुकड्यात तो मैदानावर नव्हता, पण असला की गोल करत होता. तिसऱ्यात तो बऱ्यापैकी उपलब्ध होता आणि गोल होत नव्हते. ही दोन वेगळी दुखणी आहेत. ‘बेभरवशाचा’ हा शब्द तिसऱ्याला लावा, दुसऱ्याला नाही.

(तिसऱ्या तुकड्यातले बरेच सामने बदली म्हणून शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांचे आहेत, ते धरून वाचा. तरी ०.१५ म्हणजे ०.१५.)

खडकी_विंगर

फोड चांगली आहे, पण २०१३-१४ चं वजन आकड्यात नीट येत नाही. चेल्सीच्या इवानोविचला चावल्याबद्दल सुआरेझवर दहा सामन्यांची बंदी होती, ती नव्या मोसमात शिल्लक राहिली होती. पहिले तीन लीग सामने: स्टोक १-०, ॲस्टन व्हिला १-०, मँचेस्टर युनायटेड १-०. तिन्ही गोल स्टरिजचे. युनायटेडवाला तर त्याच्या वाढदिवशी, १ सप्टेंबरला. हे नऊ गुण नसते तर त्या मोसमात विजेतेपदाची गोष्टच कुणी काढली नसती.

नोव्हेंबरच्या शेवटी सरावात घोटा गेला. जानेवारीत परतला आणि मग सलग सात लीग सामन्यांत गोल. त्यातला एव्हर्टनविरुद्धचा, २८ जानेवारी २०१४, ४-० वाला, परत एकदा बघा. गोलकीपर टिम हॉवर्ड पुढे सरकलाय, चेंडू उसळी घेतोय, आणि हा धावता धावता डाव्या पायाने त्याच्या डोक्यावरून अलगद टाकतो. जोर लावतच नाही. बहुतेक स्ट्रायकर तिथे ठोकतात आणि चेंडू गोलकीपरच्या छातीवर जातो. त्याच सामन्यात नंतर पेनल्टी बारवरून मारून हॅटट्रिक घालवली. अख्खा स्टरिज त्या एका सामन्यात सापडतो, हेही खरं.

सुआरेझ ३१, स्टरिज २१. पीएफएच्या (खेळाडूंच्या संघटनेच्या) त्या वर्षीच्या संघात पुढचे दोघे हेच.

हायबरी_हडपसर

आर्सेनलवाला बोलतोय, थोडं सहन करा. ८ फेब्रुवारी २०१४ च्या आमच्याविरुद्धच्या ५-१ मध्ये विसाव्या मिनिटाला चौथा गोल त्याचा होता, त्यामुळे मला विसरायची सोय नाही.

पण तुम्ही लोक दुखापतीच्या बाबतीत फार लाडावलेले आहात. आमच्याकडे डायबी नऊ वर्षांत १८० सामने खेळला. मे २००६ मध्ये सुंदरलंडविरुद्ध घोटा मोडला आणि त्यानंतर शरीर कधी जागेवर आलंच नाही. रोसिकी जानेवारी २००८ ला बाहेर गेला तो सप्टेंबर २००९ ला परत दिसला. विल्शर एकोणिसाव्या वर्षी बार्सिलोनाला एमिरेट्सवर फिरवून आला, पुढचा अख्खा मोसम बाहेर बसला आणि तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. या तिघांच्या मानाने स्टरिजचे १६० सामने आणि ६७ गोल म्हणजे संसार सुखाचा झाला.

माझं मत: घ्या. पण ‘काय झालं असतं’ या खात्यावर घेऊ नका. तिथे रांग फार मोठी आहे.

बॅकपास

मी कायटच्या बाजूने. कारण सांगतो. दुखापत हा दोष नाही, मान्य. पण संघाच्या नियोजनाला दुखावलेला स्ट्रायकर विकलेल्या स्ट्रायकरपेक्षा महाग पडतो. विकला तर पैसे येतात, दुसरा घेता. दुखावलेला असेल तर ‘तीन आठवड्यांत येईल’ या आशेवर दुसरा घेत नाही, आणि तीन आठवड्यांचे पाच महिने होतात.

२०१४-१५ बघा. सुआरेझ बार्सिलोनाला गेला. आदल्या मोसमातले लीगमधले १०१ गोल पुढच्या मोसमात ५२ वर आले. घट ४९ ची. आता सुआरेझचे गेलेले ३१ आणि स्टरिजचे कमी झालेले १७ (२१ वरून ४) मिळवा: ४८. घटीचा जवळजवळ सगळा हिशोब दोन माणसांवर मिटतो. सुआरेझ जाणार हे क्लबला माहीत होतं. स्टरिजचं कुणालाच माहीत नव्हतं. बालोटेलीने सुआरेझची जागा भरायची होती, त्याचा लीगमध्ये एक गोल. संघ सहावा आला.

मग ज्याच्यावर घर टेकवलंय तो खांब दर दोन महिन्यांनी काढून ठेवायला लागत असेल तर त्याला ‘महान’ म्हणायचं का?

एरंडवणे_एनफिल्ड

१०१ ते ५२ चा हिशोब असा कधी मांडला नव्हता. पण सप्टेंबर २०१४ च्या दुखापतीत त्याचा काय दोष? इंग्लंडच्या कॅम्पमध्ये झाली ना ती?

कोथरूड_फिजिओ

हो, आणि ती घटना समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढच्या दोन वर्षांचं मूळ तिथे आहे असं मी मानतो.

३ सप्टेंबर २०१४ ला वेम्बलीवर नॉर्वेविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना. दोन दिवसांनी, ५ तारखेला, इंग्लंडच्या सरावात मांडी गेली. लिव्हरपूलचा मॅनेजर ब्रेंडन रॉजर्सचं म्हणणं होतं की वेगावर खेळणाऱ्यांना सामन्यानंतर दोन दिवस हलकं ठेवायला हवं. इंग्लंडचा मॅनेजर रॉय हॉजसनच्या पद्धतीत एक दिवस पुरत होता. यावर दोघांचं जाहीर वाजलंही. ऑक्टोबरमध्ये परत येता येता पोटरी, नोव्हेंबरमध्ये पुन्हा मांडी. शेवटी ३१ जानेवारी २०१५ ला वेस्ट हॅमविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि गोल केला. मे महिन्यात कंबरेच्या सांध्याचं ऑपरेशन.

आता यात बिघडतं काय ते. वेगाने पळताना पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीला टेकण्याच्या जरा आधी मांडीच्या मागचे स्नायू ताणलेल्या अवस्थेतच ब्रेक लावतात. तीन स्नायूंपैकी बाहेरच्या बाजूचा, बायसेप्स फेमोरिसचा लांब भाग, पळताना सगळ्यात जास्त फाटतो. तो भरतो, पण भरताना त्याचे तंतू आखूड होतात आणि ताणलेल्या स्थितीतली ताकद कमी राहते. टेबलवर झोपवून तपासलं तर दुखत नाही, जॉगिंगला दुखत नाही, ऐंशी टक्के वेगालाही दुखत नाही. फाटतो तो पंचाण्णवला. म्हणून ‘सरावात एकदम ठीक होता आणि सामन्यात तिसऱ्या मिनिटाला बसला’ असं होतं. फेब्रुवारी २०१८ ला वेस्ट ब्रॉमकडून चेल्सीविरुद्ध नेमकं हेच झालं.

आणखी एक. या स्नायूची आधीची दुखापत हाच पुढच्या दुखापतीचा मोठा धोका. त्यात मधे पोटरी किंवा कंबर दुखावली की धावण्याची ढब बदलते आणि भार परत तिथेच येतो. बाहेरून हे ‘आज इथे, उद्या तिथे, याचं रोजचंच आहे’ असं दिसतं. आतून ती एकच साखळी असते.

खेळाडूच्या डोक्यातही काही बदलतं. शंभर टक्के पळायला मेंदू परवानगी देत नाही. मग तो चेंडू पायात मागायला लागतो, मोकळ्या जागेत धावत नाही. आकडेमोड यांच्या तिसऱ्या तुकड्याचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं.

बॅकपास

फिजिओसाहेब, पटलं. पण २०१५ च्या अखेरीस क्लॉपसुद्धा म्हणाला होता ना, की याने खरं गंभीर दुखणं आणि नुसतं दुखणं यातला फरक ओळखायला शिकलं पाहिजे? स्वतःचाच मॅनेजर हे उघड बोलतो म्हणजे काहीतरी असेलच.

कोथरूड_फिजिओ

बोलला होता, आणि लोकांनी ते ‘नाटकं करतो’ असं वाचलं. मी तसं वाचत नाही. वर्षभरात चार-पाच वेळा तोच पाय धोका देतो तेव्हा प्रत्येक बारीक ओढ ‘परत गेला’ अशीच वाटते. कमी वेळा सांगितलं तर फाटतो, जास्त वेळा सांगितलं तर रडका ठरतो. फरक शिकायचा तर एकच रस्ता: वेग टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा आणि प्रत्येक टप्प्याला दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतो ते बघायचं. साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद, मग पूर्ण. मधला एकही टप्पा गाळायचा नाही, आणि पूर्ण वेगाचा टप्पा सामन्यात पहिल्यांदा यायला नको. दर तीन दिवसांनी सामना असलेल्या मोसमात हे बसवायला वेळच नसतो, ही खरी अडचण.

खडकी_विंगर

तिसऱ्या तुकड्याला नुसत्या शरीराचा दोष देऊ नका, पद्धतही बदलली होती. रॉजर्सच्या डायमंडमध्ये (चौघांच्या चौकोनी मिडफिल्डमध्ये) स्टर्लिंग टोकाला, पुढे सुआरेझ आणि स्टरिज, मागून जेरार्ड आणि कुटिन्होचे पास. स्टरिजचं काम एवढंच की सेंटर बॅक आणि फुल बॅक यांच्यामधल्या फटीतून धावायचं. सुआरेझ पुढचं सगळं भांडण अंगावर घ्यायचा.

क्लॉपच्या ४-३-३ मध्ये मधला फॉरवर्ड मागे येतो, चेंडू हिसकावतो, फट बाजूच्या दोघांना करून देतो. फिर्मिनोसाठी शिवलेला शर्ट तो. २०१६-१७ मध्ये स्टरिज त्यात घुसायचा प्रयत्न करत होता, खाली येऊन छान पास द्यायचा, आणि बॉक्समध्ये कुणीच नसायचं. ज्या जागेत त्याने असायला हवं तिथून तोच उठून आलेला. लीगमध्ये २० सामने, ३ गोल.

तो चेल्सीत असताना तिथला मॅनेजर व्हिलास-बोआसने त्याला उजव्या विंगला टाकलं होतं, २०११-१२ ला तिथून ११ लीग गोल आले होते. त्याआधी बोल्टनला लोनवर, मध्यभागी खेळवला तर १२ सामन्यांत ८. म्हणजे कुठे खेळवायचं हा घोळ लिव्हरपूलला यायच्या आधीपासूनचा.

आकडेमोड_नारायणपेठ

आता टोरेस घ्या, कारण त्याच्या नावावर तुमचं भांडण नाही म्हणता. लिव्हरपूलमध्ये लीगचे चार तुकडे: ३३ सामने २४ गोल, २४ मध्ये १४, २२ मध्ये १८, आणि अर्ध्या शेवटच्या मोसमात २३ मध्ये ९. एकूण १०२ सामन्यांत ६५. मधल्या दोन मोसमांतल्या ७६ पैकी तो ४६ च खेळला! मांडी, मग गुडघ्याचं ऑपरेशन. तोही काचेचंच भांडं होता.

पण जानेवारी २०११ ला ५ कोटी पौंडांना चेल्सीने तो नेला आणि त्याची पडझड तिथे झाली, निळ्या शर्टात. आपल्या आठवणीत तो चालत्या गाडीतून उतरलेला आहे. स्टरिज मात्र शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहिला, त्यामुळे त्याचं म्हातारपण आपल्याच डोळ्यांदेखत गेलं. तो २०१५ ला विकला गेला असता तर ५५ लीग सामने, ३५ गोल अशी नोंद राहिली असती, सामन्यामागे ०.६४. टोरेसचा पूर्ण हिशोब? ०.६४.

मग हा धागा कुणी काढला असता का?

हायबरी_हडपसर

हा मुद्दा चोख आहे. व्हॅन पर्सीच्या बाबतीत उलटं झालं. वर्षानुवर्षं आमच्याकडे लंगडला, एकदाच धड मोसम मिळाला त्यात लीगचे ३० गोल, आणि लगेच युनायटेडला जाऊन २६ गोल आणि लीगचा कप. पीक कुणाच्या शेतात निघतं त्यावर सगळं.

बाणेर_टर्फ

विषय सोडून विचारतोय, माफ करा. वर मांडीच्या स्नायूचं जे लिहिलंय ते वाचून: रात्री दहाच्या टर्फ स्लॉटला खेळणाऱ्यांमध्ये हेच चाललेलं असतं. दर आठवड्याला कुणीतरी मांडीचा मागचा भाग धरून बाजूला बसतो. नॉर्डिक म्हणतात तो व्यायाम नेमका किती आणि कसा करायचा?

कोथरूड_फिजिओ

थोडक्यात, कारण धागा स्टरिजचा आहे.

गुडघ्यांवर बसा, खाली घडी केलेली चटई. जोडीदाराने घोटे घट्ट दाबून धरायचे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर एक फळी, आणि हळूहळू पुढे पडायचं, जितका वेळ मांडीने रोखता येईल तितका. शेवटी हातांवर झेल घ्यायचा आणि हातांनीच ढकलून वर यायचं. ९० टक्के लोक कंबरेत वाकतात. तसं केलं की मांडीला काही मिळत नाही.

पहिला आठवडा: एकदाच, ५ चे २ सेट. दुसरा: दोनदा, ६ चे २ सेट. तिसरा: तीनदा, ६ ते ८ चे ३ सेट. चौथा: तीनदा, ८ ते १० चे ३ सेट. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत आठवड्यातून तीनदा १२, १०, ८. पहिल्या आठवड्यात दोन दिवस जिना उतरताना मांडी शिव्या देईल, ते ठीक. सामन्याच्या आदल्या दिवशी करू नका. नियमाने केल्यास या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. मात्र लोक चौथ्या आठवड्यात सोडतात.

टर्फचा खास धोका असा की ऑफिसात आठ-नऊ तास गुडघे वाकवून बसलेला माणूस दुचाकीवरून थेट येतो, बूट बांधतो आणि पहिल्याच मिनिटाला चेंडूमागे सुटतो. स्लॉट तासाचा, पैसे भरलेले, म्हणून वॉर्मअप कुणालाच नको असतो. स्लॉटच्या आधी बाहेर पार्किंगमध्ये दहा मिनिटं: हलकं जॉगिंग, पाय पुढे-मागे झुलवणं, मग तीन-चार छोट्या धावा वाढत्या वेगाने. आणि मागे ‘टक्’ असं काही जाणवलं तर तिथेच थांबा. ‘चालून बघतो’ म्हणणाऱ्यांचा एक आठवड्याचा आजार सहा आठवड्यांचा होतो.

ज्यांची मांडी आधी गेलीय त्यांनी हे वाचून स्वतः सुरू करू नका, आधी कुणाला तरी दाखवा.

बॅकपास

मांडीपुराण संपलं असेल तर. माझा कायट अजून उभा आहे. मला एक सांगा, २०१४ च्या मे नंतर स्टरिजने लिव्हरपूलला नेमकं काय मिळवून दिलं?

खडकी_विंगर

घ्या.

१८ मे २०१६, बासेल, युरोपा लीगची फायनल. ३५ वं मिनिट, कुटिन्होचा पास, आणि डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू वळवून लांबच्या खांबाजवळ. मागे पाय खेचला नाही, अंग वळवलं नाही, गोलकीपरला तयारीच करू दिली नाही. पुढे सेव्हियाने ३-१ केलं, तो भाग वेगळा.

महिन्याभरात युरोमध्ये वेल्सविरुद्ध लान्सला हाफटाइमला उतरला आणि इंजुरी टाइममध्ये २-१. हे इंग्लंडचं, लिव्हरपूलचं नव्हे, मान्य.

१८ सप्टेंबर २०१८, चॅम्पियन्स लीग, समोर पॅरिसचा पीएसजी. फिर्मिनोच्या डोळ्याला लागलं होतं म्हणून सुरुवातीपासून खेळला, हेडरने पहिला गोल त्याचा. सामना ३-२ ने जिंकला. गटातून आपण कसे निसटलो ते आठवा आणि त्या मोसमात कप कुणी उचलला तेही आठवा. फायनलला तो बेंचवर होता, मेडल आहे त्याच्याकडे.

२९ सप्टेंबर २०१८, चेल्सीचं स्टॅमफर्ड ब्रिज. ८६ व्या मिनिटाला उतरला, ८९ व्याला पंचवीसेक यार्डांवरून वरच्या कोपऱ्यात. १-१.

बॅकपास

त्या बरोबरीने एक गुण मिळाला. मोसम संपला ९७ वर, मँचेस्टर सिटी ९८. म्हणजे तो गोल नसता तरी दुसरेच आलो असतो.

आकडेमोड_नारायणपेठ

या न्यायाने त्या मोसमातला एकही गोल धरता येणार नाही, सालाहचाही.

एरंडवणे_एनफिल्ड

ठीक. रविवारी छापायला द्यायचंय. स्टरिज आत, पण ‘२०१३-१६’ असं लिहून, ‘२०१३-१९’ नाही. कायटला बाजूच्या पट्टीत घेतो, बॅकपासला रंग निवडायचा अधिकार. फोटो कुठला ते सांगा, बासेलचा की एव्हर्टनचा?

बॅकपास

२०१३-१९ च लिहा. शेवटची तीन वर्षं पगार घेतला ना त्याने.

खडकी_विंगर

एव्हर्टनचा. चेंडू हॉवर्डच्या डोक्यावर असतानाचा, त्याच्या पायाजवळचा नको. आणि छापण्याआधी फोटो उलटा झालेला नाही ना ते बघा, डावा पाय उजवीकडे दिसला तर पहिलं पोस्ट मीच टाकणार.